पाण्याच्या पाळीचं मशीन आणि खरं साल

घोंगड्यात गुंडाळलेलं गाठोडं माझ्या काउंटरवर ठेवून राजगोंडा म्हणाले, “मॅडम, ह्याची तेवढी तारीख बघा. न्हायतर मला गावात तोंड दाखवाय जागा उरायची न्हाय.”

कोल्हापुरात शाहूपुरीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. लोक लॅपटॉप आणतात, प्रिंटर आणतात, कधी पाण्यात पडलेले मोबाईल आणतात. मोबाईल मी परत पाठवते. घोंगड्यातून काही येण्याची ही पहिलीच वेळ होती. गाठ सोडली तर आत होम कॉम्प्युटर निघाला.

आजच्या मुलांना तो दाखवला तर ती म्हणतील, हा नुसता कीबोर्ड आहे, कॉम्प्युटर कुठाय? त्या कीबोर्डच्या पोटातच सगळा कॉम्प्युटर असतो. पडदा म्हणून घरचा टीव्ही जोडायचा. प्रोग्रॅम गाण्याच्या कॅसेटवरून भरायचा, टेपरेकॉर्डर लावून. भरताना तो मांजरं भांडल्यासारखा आवाज करतो. आणि मुख्य गोष्ट म्हणजे त्याला स्वतःचं घड्याळ नसतं. वीज गेली की त्याच्या लेखी आज कोणती तारीख आहे हेही गेलं. म्हणून काही हौशी लोक त्याच्या पाठीमागच्या खाचेत घड्याळाची वेगळी डबी बसवत. डबीत बटणासारखा सेल. वीज असो नसो, सेल आहे तोवर तारीख चालू राहते.

या मशीनला अशी डबी होती. कॅसेट डब्यात नीट ठेवलेली होती आणि तिच्यावर सुबक अक्षरात लिहिलं होतं: पाळी.

राजगोंडांना मी बसवलं, चहा सांगितला आणि कोरा कागद घेतला. माझी पद्धत अशी की मशीन उघडण्याआधी माणसाला बोलू द्यायचं. काय झालं, कधी झालं, त्याच्या आधी कोणी कशाला हात लावला. या तीन प्रश्नांच्या उत्तरांत निम्मी दुरुस्ती होते.

राजगोंडा हुपरीच्या पुढच्या एका गावात पाणीपुरवठा संस्थेचे सचिव आहेत. संस्था नदीचं पाणी पंपानं उचलते आणि पाइपलाइनमधून सभासदांच्या शेताला देते. पंप एक, शेतं पुष्कळ. त्यामुळे पाण्याची पाळी असते. प्रत्येक वाराला दोन गट. एका गटाला दिवसा पाणी, दुसऱ्याला रात्री. पुढच्या आठवड्यात उलट. रात्रीचं पाणी कोणाला नको असतं. अंधार, चिखल, साप आणि दुसऱ्या दिवशीच्या कामाची खोटी. म्हणून दिवस आणि रात्र बदलती ठेवलेली.

ही पाळी पूर्वी हातानं लिहायचे. त्यावरून डोकी फुटली. मग गावातल्या गणिताच्या गुरुजींनी आपला घरचा कॉम्प्युटर संस्थेला दिला आणि प्रोग्रॅम लिहिला. तेव्हापासून रिवाज पडला: दर रविवारी सकाळी ऑफिसात सगळ्यांच्या समोर मशीन चालू करायचं, छापलेला कागद फळ्यावर लावायचा आणि त्यावर बोलायचं नाही. हातानं लिहिलेली पाळी गावात कोणी मानत नाही.

“का मानत नाही?” मी विचारलं.

“मशीनला मेव्हणं न्हाईत की,” राजगोंडा म्हणाले.

त्यांना मात्र होते, आणि घोटाळा तिथंच झाला. शनिवारी डबीतला सेल संपला. गुरुजी असते तर त्यांनी बदलला असता, पण गुरुजी जाऊन आता काळ झाला. राजगोंडांनी सेल आणला, बसवला. मशीननं दिवस, महिना आणि साल विचारलं. त्यांनी खरं ते टाकलं. सालाला दोनच आकड्यांची जागा होती म्हणून सव्वीस टाकलं. रविवारी कागद निघाला तो उलटापालटा. सोमवारच्या गटांना रविवारचं पाणी, मंगळवारच्यांना सोमवारचं, अशी सगळी पाळी एक दिवस सरकलेली. वर, गेल्या आठवड्यात ज्यांना दिवस होता त्यांना पुन्हा दिवसच. आणि त्या नशीबवान गटांत एक गट राजगोंडांच्या मेव्हण्याचा.

तातोबा नावाच्या सभासदानं भर ऑफिसात विचारलं, सेल बदलला का सोयरीक निभावली? तातोबाचा गट मेव्हण्याच्या जोडीचा, त्याच वाराचा. त्याला लागोपाठ दुसऱ्या आठवड्यात रात्र आलेली. बाकीच्यांनीही तातोबाची री ओढली. पंपाला कुलूप लागलं. मंगळवारी दुपारी बैठक ठरली. राजगोंडांनी कागदात हात घातला असं ठरलं तर सचिवपद जाणार होतंच. पण ते पदासाठी माझ्याकडे आलेले नव्हते. पोरीचं लग्न जमवायला जाऊ तिथं आधी ही गोष्ट पोचलेली असेल, एवढंच ते दोनदा म्हणाले.

मशीन ठेवून घेतलं. अडगळीतला जुना टीव्ही काढला आणि कामाला लागले.

सेल चांगला होता. डबीतलं घड्याळ बरोबर चालत होतं. कॅसेट भरली आणि प्रोग्रॅम पडद्यावर काढला. बेसिक भाषेतला प्रोग्रॅम म्हणजे नंबर घातलेल्या ओळी असतात, एकीखाली एक. गुरुजींचं काम वाचताना बरं वाटत होतं. कुठे फापटपसारा नाही. तारीख घ्यायची, ठरावीक दिवसापासून आजपर्यंतचे दिवस मोजायचे, त्यावरून वार काढायचा, आठवडा सम की विषम ते बघायचं आणि त्याप्रमाणे दिवस-रात्र द्यायची.

चूक सापडायला वेळ लागला नाही. त्या काळातले बहुतेक प्रोग्रॅम सालाचे शेवटचे दोनच आकडे ठेवत. जागा कमी, आणि शतक बदलेल तेव्हा हे मशीन कोण वापरतंय असा हिशेब. पुढचे एकोणीस धरूनच चालायचे. राजगोंडांनी सव्वीस टाकलं आणि मशीन एकोणीसशे सव्वीस सालात गेलं. त्या सालात प्रत्येक तारखेचा वार आजच्यापेक्षा एक पुढे होता. रविवारी मशीनला वाटलं सोमवार आहे. म्हणून सगळी पाळी सरकली.

उपाय ठरलेला आहे. साल ऐंशीच्या आतलं आलं तर त्यात शंभर मिळव, एवढी एक ओळ घालायची. घातली. वार बरोबर आला. राजगोंडांना फोन करून सांगितलं, काम झालं, उद्या मी स्वतः घेऊन येते.

तीन गोष्टी मात्र खटकत होत्या आणि मी त्या कागदावर लिहून ठेवल्या. एक, छापील कागदावर तारखेत दिवस आणि महिना येतो, मग एक आडवी रेघ येते आणि तिच्यापुढे काहीच नाही. साल छापलेलंच नाही. दोन, प्रोग्रॅमच्या मधोमध एक ओळ अशी, की जी आलेलं उत्तर काही कारण नसताना उलटं करते. दिवस असेल तर रात्र, रात्र असेल तर दिवस. तिचा अर्थ मला लागला नाही. न कळलेली ओळ काढायची नाही हा माझा नियम आहे, म्हणून ती तशीच ठेवली. तीन, प्रोग्रॅमला दोन हजारच्या पुढची सालं कळतच नाहीत, तर मग तो गेल्या आठवड्यापर्यंत बरोबर कसा चालला?

तिसऱ्या प्रश्नावर थांबायला हवं होतं. पण बैठक दुसऱ्या दिवशी होती आणि वार बरोबर आला होता.

मंगळवारी ऑफिसात पोचले तर खुर्च्या कमी आणि माणसं जास्त. टीव्ही टेबलावर, प्रिंटर शेजारी. खिडकीतून नदी आणि कुलूप घातलेलं पंपघर दिसत होतं. चेअरमन सोडून सगळेच बोलत होते. मी मशीन जोडलं, कॅसेट भरली, खरी तारीख टाकली आणि कागद छापला. वार एकूण एक बरोबर. राजगोंडांनी खांदे सैल सोडले.

पुढच्या बाकावर गंगाक्का बसलेल्या होत्या. साठीच्या पुढची बाई, घरात दुसरं कोणी नाही, स्वतः वाफ्यांची दारं मोडून पिकाला पाणी पाजणारी. त्यांनी कागद हातात घेतला. गटाचा नंबर आणि शेजारचं इंग्रजी अक्षर, एवढं वाचायला गावात सगळे शिकलेत. डी म्हणजे दिवस, एन म्हणजे रात्र.

“वार बरोबर हाय गं बाई,” त्या मला म्हणाल्या. “पण गेल्या आठवड्यात मला रात हुती. ह्या बी आठवड्यात रातच? मिरचीच्या रोपास्नी मी बॅटरी धरून किती दिस पाणी पाजू?”

तातोबा मागून म्हणाला, “वार सुधारला, पण मेव्हण्याचा दिवस काय सुटंना.”

हशा पिकला. राजगोंडा हसले नाहीत. त्यांनी खिशातून ऑफिसची किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. चेअरमननी तिच्याकडे बघितलं, पण उचलली नाही.

मी म्हटलं, “मला चहा पिईपर्यंत वेळ द्या. तोवर किल्ली कोणी उचलू नका.”

“पावणं कोल्हापूरचं हाय, चहा तर दिलाच पायजे,” तातोबा म्हणाला. “पिऊन झालं की खरं सांगा म्हंजे झालं.”

बाहेर पंपघराच्या पायरीवर बसले. राजगोंडांना शेजारी बोलावलं आणि आदल्या दिवशी विचारायला हवा होता तो प्रश्न विचारला: गुरुजी सेल बदलायचे तेव्हा तुम्ही कधी समोर होता का?

“सेल मीच आणून द्यायचो,” ते म्हणाले. “पण तारीख टाकताना गुरुजी आमास्नी भाईर घालवायचे. म्हणायचे, बाहेर बसा, मशीन लाजतंय.”

गुरुजी विनोदी होते असं समजून सगळे बाहेर बसत. मला मात्र ते ऐकून हातातला कप खाली ठेवावा लागला. तारीख टाकताना माणूस लोकांना बाहेर का काढेल? टाकतोय ती तारीख खरी नसेल तर.

एकोणीसशे नव्याण्णव साली मी नोकरीत होते आणि वर्षभर कारखान्यांपासून पतसंस्थांपर्यंत हेच काम करत हिंडत होते. दोन हजार साल उजाडलं की दोन आकड्यांचे प्रोग्रॅम शंभर वर्षं मागे जाणार, ही सगळ्यांची भीती. जिथे प्रोग्रॅम बदलायला माणूस किंवा वेळ नसे, तिथे आम्ही एक स्वस्त युक्ती करायचो. घड्याळ अठ्ठावीस वर्षं मागे लावायचं. कारण अठ्ठावीस वर्षांनी कॅलेंडर जसंच्या तसं परत येतं. वार तेच, लीप वर्ष तेच. दोन हजार सालाच्या जागी बहात्तर टाकायचं आणि मशीनला काही कळू द्यायचं नाही.

गुरुजींनी तेच केलं होतं. त्यांचं मशीन तेव्हापासून मागच्या शतकातच राहत होतं. गेल्या आठवड्यात त्याच्या पोटात अठ्ठ्याण्णव साल चालू होतं. कागदावर ते दिसू नये म्हणून साल छापणं बंद केलं, पण तारखेतली शेवटची रेघ काढायची राहिली.

आणि ती उलट करणारी ओळ? मी कागदावर हिशेब केला. अठ्ठावीस वर्षांचे आठवडे मोजले तर संख्या विषम येते. वार जुळतात, पण सम आठवड्याचा विषम होतो. म्हणजे घड्याळ मागे घेतल्याबरोबर दिवसाची रात्र झाली असती. गुरुजींनी ते हेरलं आणि उत्तर मुद्दाम उलटं करणारी ती एक ओळ घातली. खोट्या सालानं केलेली उलटापालट त्या ओळीनं सरळ व्हायची. मी साल खरं केलं आणि ओळ तशीच ठेवली. म्हणून सरळ आलेलं पुन्हा उलटं झालं.

राजगोंडांना एवढंच म्हटलं, “चला आत. तुम्ही चोर नाही. तुम्ही एकटेच खरं बोललात.”

आत गेल्यावर मी काही समजावून सांगितलं नाही. समजावण्यानं संशय वाढतो, असा माझा गिऱ्हाइकांचा अनुभव आहे. मी गुरुजींची मूळ कॅसेट जशीच्या तशी भरली आणि विचारलं, “राजगोंडांवर कोणाचा सगळ्यात जास्त संशय आहे?”

सगळ्यांनी तातोबाकडे बघितलं.

“मग तुम्ही या. तारीख तुम्हीच टाका. राजगोंडा तिकडे दारापाशी उभे राहतील, मी खिडकीपाशी.”

तातोबा खुर्चीवर बसला. एका बोटानं एकेक बटण दाबू लागला. रविवारची तारीख टाका म्हटलं, त्यानं टाकली. साल विचारलं तेव्हा माझ्याकडे वळून बघितलं.

“कुठलं साल टाकू?”

“चाललंय ते.”

त्यानं सव्वीस टाकलं. प्रिंटर करकरला. चेअरमननी फळ्यावरचा वादाचा कागद काढून आणला. तातोबानं दोन्ही कागद मांडीवर शेजारी शेजारी धरले आणि वरपासून खालपर्यंत बोट फिरवत नेलं. तेच सरकलेले वार. तीच दुबार रात्र. त्याच्या स्वतःच्या हातानं मेव्हण्याला पुन्हा दिवस दिला गेला होता.

गंगाक्का म्हणाल्या, “तातोबा, तुझी बी सोयरीक हाय व्हय रं त्यांच्यात?”

या वेळचा हशा मघापेक्षा मोठा होता आणि त्यात राजगोंडाही होते.

“आता पुन्हा टाका,” मी म्हटलं. “बाकी सगळं तेच. फक्त सालाला अठ्ठ्याण्णव.”

“खोटं साल?”

“खोटं साल.”

त्यानं टाकलं. कागद निघाला. वार बरोबर होते. तातोबाला दिवस, मेव्हण्याला रात्र, गंगाक्कांना दिवस. प्रत्येकाला तोंडपाठ होती तशी पाळी. लोक कागदाभोवती गोळा झाले आणि मग मी गुरुजींची युक्ती सांगितली. आता ऐकायला सगळे तयार होते. मागच्या एकानं विचारलं, एवढी वर्षं गुरुजींनी हे आमच्यापासून का लपवलं? उत्तर चेअरमननी दिलं. ते त्या दिवशी पहिल्यांदाच बोलले.

“आपण काय म्हणत हुतो? माणूस खोटं बोलतंय, मशीन बोलत न्हाय. मशीनला बी गुरुजी दर खेपेला खोटं सांगत्यात हे कळलं असतं, तर त्या मशीनचं ऐकलं असतं का कुणी?”

मग त्यांनी टेबलावरची किल्ली उचलली आणि राजगोंडांच्या हातात दिली. “पंप चालू करा. उनं तापल्यात.”

काम अजून बाकी होतं. गुरुजींची युक्ती जास्त दिवस चालणारी नव्हती. अठ्ठ्याण्णव झालं, नव्याण्णव होईल, आणि त्यानंतर मशीन पुन्हा शून्यावर जाऊन तोच गोंधळ घालेल. मी तिथंच बसून माझी शंभर मिळवणारी ओळ परत घातली आणि गुरुजींची उलट करणारी ओळ काढली. खरं साल घातल्यावर तिची गरज संपली होती. एक ओळ आली, एक ओळ गेली. शेवटी आणखी एक बदल केला, जो कोणी सांगितला नव्हता. तारखेतल्या त्या रिकाम्या रेघेपुढे पूर्ण साल छापायला लावलं, चारही आकडे. नवी कॅसेट भरून दोन प्रती केल्या. काय बदललं, का बदललं हे एका कागदावर लिहिलं आणि तो मशीनच्या तळाला चिकटपट्टीनं लावला. पुढचा सेल संपेल तेव्हा जो कोणी मशीन उलटं करेल त्याला तो दिसेल.

नव्या कॅसेटवरून पहिला कागद तातोबानंच छापला. त्याला आता खुर्ची सोडवत नव्हती. बाहेर पंप सुरू झाल्याचा आवाज आला आणि पाइपमधून आधी हवा, मग पाणी गेल्याचं सगळ्यांनी कान देऊन ऐकलं. गंगाक्का उठल्या. त्यांचा वार आजचाच होता आणि पाणी दिवसाचं होतं.

मी मशीनची वायर गुंडाळत असताना तातोबा राजगोंडांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. माफी वगैरे मागितली नाही. तंबाखूची पुडी पुढे केली. राजगोंडांनी चिमूट घेतली. मग तातोबा मला म्हणाला, “मॅडम, म्हंजे आता हितनं पुढं खरंच साल टाकायचं?”

“खरंच टाकायचं.”

“मग बरं हाय. खोटं साल टाकाय गुरुजींइतकं गणित आमास्नी येत न्हाय.”

गेल्या महिन्यात राजगोंडा पुन्हा दुकानात आले होते. या वेळी हातात घोंगडं नव्हतं, पेढे होते. पोरीचं जमलं. मुलाकडच्यांनी पाळीच्या मशीनची गोष्ट आधीच ऐकली होती. पण ती तातोबाच्या तोंडून, आणि तातोबा ती सांगताना सेल राजगोंडांनी बदलला, साल खरं टाकलं आणि चूक आपण पकडली असं सांगतो. राजगोंडांनी ती गोष्ट दुरुस्त केली नाही.

माझ्या कामाच्या यादीत त्या दिवसापासून एक प्रश्न वाढला आहे. एखाद्याचं घड्याळ चुकीचं दिसलं, तर ते बरोबर करण्याआधी विचारायचं, हे चुकीचं कोणी लावलं आणि का.